चंद्रतालची पहाट स्लाइड फिल्मवर: रोल निवडण्यापासून स्लाइड हातात येईपर्यंत

आमच्या ट्रेकिंग क्लबात दिवाळीनंतर स्लाइड शो व्हायचे. शाळेचा हॉल, भिंतीवर ताणून लावलेली पांढरी चादर, प्रोजेक्टरचा खटक् असा आवाज आणि अंधारात एकदम उजळलेला हिमालय. त्या चादरीवरचं तळ्याचं निळं पाणी मला अजून आठवतं. मोबाइलवर हजारो फोटो पाहूनही ती निळाई दुसरीकडे सापडली नाही, म्हणून मी स्लाइड फिल्मकडे वळले आणि आता ती सोडवत नाही.

निगेटिव्ह फिल्मवर एक्स्पोजर, म्हणजे फिल्मवर पडू दिलेला उजेड, थोडं चुकलं तर प्रिंट काढताना सावरता येतं. स्लाइडमध्ये कॅमेऱ्यातून गेलेला तो इंचभर तुकडा हाच फोटो असतो. शिवाय या फिल्मची पकड अरुंद असते. गडद सावलीपासून लख्ख उजेडापर्यंत साधारण पाच स्टॉपचा फरक ती तपशिलासह धरते (एक स्टॉप म्हणजे उजेड दुप्पट किंवा निम्मा). तळ्याकाठी मात्र उन्हातला बर्फ, आकाश, पाण्यातलं प्रतिबिंब आणि पायाशी सावलीतले दगड हे सगळं एकाच चौकटीत येतं. ते पाच स्टॉपमध्ये बसवायचं, आणि बसत नसेल तर काय सोडून द्यायचं ते शटर दाबण्याआधी ठरवायचं. पुढचं सगळं त्यासाठीच आहे.

उदाहरण म्हणून हिमाचलातल्या स्पिती भागातलं चंद्रताल घेते, कारण तिथे मी सगळ्यात जास्त रोल खर्च केले आहेत.

जागा आणि दिवस

चंद्रताल साधारण ४,३०० मीटर उंचीवर आहे. २००५ पासून ते रामसर यादीतलं, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाचं, पाणथळ ठिकाण आहे. रस्ता साधारण जूनच्या मध्यापासून ऑक्टोबरच्या सुरुवातीपर्यंत उघडा असतो. माझा कौल सप्टेंबरच्या दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्याला. हवा धुऊन काढल्यासारखी स्वच्छ असते, गवत पिवळं पडू लागलेलं असतं आणि पहाटे पाणी बहुतेक वेळा स्थिर मिळतं.

मनालीहून एका दिवसात थेट चढून जाऊ नका. मनाली दोन हजार मीटरच्या आसपास आहे. तिथून उठून रात्री चार हजारांवर झोपलं तर डोकं दुखतं, झोप लागत नाही आणि पहाटे उजेड मोजणाऱ्या मीटरचे आकडे वाचूनही मेंदूत शिरत नाहीत. त्यापेक्षा स्पितीतल्या काझा गावाकडून या. तिथे दोन-तीन रात्री काढा आणि मग कुंझुम खिंड ओलांडून तळ्यावर उतरा. फोटोसाठी म्हणूनही हाच रस्ता बरा. विरळ हवेत माणूस मंदावतो आणि स्लाइड फिल्मला मंद डोकं परवडत नाही.

तळ्याच्या काठावर तंबू टाकायला बंदी आहे. तंबूंचे कॅम्प दोन-तीन किलोमीटर अलीकडे आहेत आणि गाडीही काठापर्यंत जात नाही. म्हणजे सूर्योदयाच्या दीड तास आधी उठायचं आणि अंधारात चालत जायचं. आदल्या दुपारीच काठाने एक चक्कर मारून ट्रायपॉड कुठे लावायचा ते ठरवून ठेवा. मी तिथे तीन दगडांची खूण करते आणि निघताना मोडते. काठाचं गवत काही ठिकाणी दलदलीचं आहे. पायाखाली भुसभुशीत लागलं की मागे फिरा. बूट भिजतात हे तर आहेच, पण तिथली वनस्पती एकदा तुडवली की लवकर सावरत नाही.

कोणता रोल

बाजारात आज नाव घेण्यासारखे रोल मोजकेच उरले आहेत. फुजीचे वेल्विया आणि प्रोव्हिया १००एफ, आणि कोडॅकचा एक्टाक्रोम ई१००. एक्टाक्रोम २०१२ मध्ये बंद झाला होता, तो २०१८ मध्ये परत आला.

वेल्विया ५० म्हणजे रंगांची उधळण. हिरवा आणखी हिरवा होतो, पहाटेची गुलाबी झाक चांगलीच चढते. पण कॉन्ट्रास्ट (उजेड-सावलीतला फरक) जबर आहे, सावल्या लवकर काळ्या होतात आणि माणसांचे चेहरे लालबुंद दिसतात. पुष्कळ जण ती आयएसओ (फिल्मची संवेदनशीलता) ५० ऐवजी ४० धरून वापरतात, मीही तसंच करते. प्रोव्हिया शांत आहे. सावलीत तपशील जरा जास्त ठेवते आणि रंग डोळ्याला दिसले त्याच्या जवळ राहतात. एक्टाक्रोम स्वच्छ आणि किंचित थंड. स्पितीचे तपकिरी-जांभळे डोंगर त्यावर फार छान येतात.

पहिल्यांदाच जाणार असाल तर प्रोव्हिया किंवा एक्टाक्रोम न्या. वेल्विया मोहात पाडते, पण पहाटेच्या तळ्याला आधीच कॉन्ट्रास्ट पुष्कळ असतो, त्यात फिल्मचा कॉन्ट्रास्ट मिसळला की हातात फार काही राहत नाही. वेल्विया ढगाळ दिवसासाठी ठेवा. डोंगरावर सपाट, करडा उजेड पसरलेला असतो तेव्हा ती सोन्यासारखी आहे.

रोल घेण्याआधी धुऊन कोण देणार ते विचारून घ्या. स्लाइड फिल्म ई-६ प्रक्रियेने धुतली जाते. पहिल्या डेव्हलपरचं तापमान ३८ अंशांवर काटेकोर राखावं लागतं, आणि हे नीट करणाऱ्या लॅब आपल्याकडे अगदी मोजक्या उरल्या आहेत. रोल, धुलाई आणि कुरिअर धरून मला एक फ्रेम शंभर रुपयांच्या आसपास पडते. एका पहाटेला ३६ फ्रेमचा एक रोल, हा हिशेब मी धरते.

प्रवासात एक्स-रे सांभाळा. विमानात चेक-इन सामानात फिल्म कधीच टाकू नका. हाताशी ठेवा, पारदर्शक पिशवीत काढून ठेवा आणि हाताने तपासण्याची विनंती करा. नव्या सीटी स्कॅनरमधून न धुतलेली फिल्म जाऊ देऊ नका, एका फेरीतही ती धुकटते. दिल्ली मेट्रोच्या दारातही बॅग मशीनमधून जाते, ते विसरायला होतं.

सामान

ट्रायपॉड, केबल रिलीज (कॅमेरा न हलवता शटर दाबायची तार), स्पॉट मीटर (समोरच्या एका लहान ठिकाणाचाच उजेड मोजणारा), एक आणि दोन स्टॉपचे सॉफ्ट ग्रॅड फिल्टर (वरचा अर्धा भाग गडद, खालचा पारदर्शक), एक ८१ए. लेन्स २४ किंवा २८ मिलिमीटरची आणि एक ८५-१०५ च्या आसपासची. एवढं पुरतं. कॅमेरा शक्यतो असा घ्या की ज्याचं शटर बॅटरीशिवाय चालतं, उदाहरणार्थ निकॉन एफएम२ किंवा पेंटॅक्स के१०००. सप्टेंबरात रात्री पारा शून्याखाली जातो आणि बॅटऱ्या मान टाकतात. मीटरसाठी एलआर४४ ऐवजी एसआर४४ सेल घाला. ते सिल्व्हर ऑक्साइडचे असतात, गारठ्यात जास्त टिकतात आणि व्होल्टेज स्थिर ठेवतात. जादा सेल स्वेटरच्या आतल्या खिशात ठेवा.

८१ए हा फिकट पिवळसर फिल्टर उगीच नाही. इतक्या उंचीवर सावलीत येणारा उजेड म्हणजे निव्वळ निळ्या आकाशाचा उजेड. डोळा ते सावरून घेतो, फिल्म घेत नाही. काठावरचे राखाडी दगड स्लाइडवर निळे येतात. ८१ए ते बऱ्यापैकी ताळ्यावर आणतो.

मोजमाप: इथे घाई नको

क्लबातल्या एका ज्येष्ठ काकांनी मला पहिल्याच वेळी सांगितलं होतं, "पोरी, कॅमेरा नंतर काढ. आधी मीटर काढ." मी अजूनही त्याच क्रमाने जाते.

आधी मीटर काय करतो ते मनात पक्कं करा. ज्याच्यावर रोखाल ते तो मधल्या करड्या रंगाचं समजतो. बर्फावर रोखला तर बर्फ करडा येईल असं एक्स्पोजर देतो, काळ्या खडकावर रोखला तर खडकही करडा. बर्फ बर्फासारखा हवा असेल तर मीटरच्या आकड्यापेक्षा दीड स्टॉप जास्त द्यायचा. दोन स्टॉपपर्यंत बर्फातला पोत कसाबसा टिकतो, अडीचला नुसती पारदर्शक फिल्म उरते. खालच्या बाजूला दोन स्टॉप कमी म्हणजे गडद पण ओळखू येण्यासारखं, तीनला जवळजवळ काळं. स्पितीचे उन्हातले तपकिरी डोंगर बहुतेक वेळा नेमके मधल्या टोनचे असतात, त्यांच्यावर थेट मोजलं तरी चालतं.

आता एक खरी पहाट. चंद्रतालच्या पश्चिमेला चंद्रा नदीपलीकडे चंद्रभागा रांगेतली हिमशिखरं आहेत. सूर्य तुमच्या पाठीमागच्या डोंगरातून वर येतो. त्यामुळे शिखरांना आधी ऊन लागतं, आणि तळं, काठ आणि तुम्ही स्वतः अजून सावलीतच असता. सगळी अडचण या अर्ध्या तासात आहे, आणि सगळा फोटोही यातच आहे.

त्या दिवशी कॅमेऱ्यात प्रोव्हिया होता, आयएसओ १००, अ‍ॅपर्चर (लेन्समधलं उजेडाचं भोक) एफ-११. सहा वाजून गेले होते. शिखरावरच्या गुलाबी बर्फावर मीटर १/६० सेकंद म्हणाला. पाण्यातल्या त्याच बर्फाच्या प्रतिबिंबावर १/३०. पायाशी गवत आणि दगडांवर १/४. बर्फ आणि दगडांत चार स्टॉपचं अंतर. गुलाबी रंग टिकवायचा तर बर्फाला दीड नव्हे, एकच स्टॉप जास्त द्यायचा, म्हणजे १/३०. पण मग १/४ वाले दगड तीन स्टॉप खाली जातात, काळेठिक्कर.

पहिल्या वर्षी मी इथे सरळ दोन स्टॉपचा ग्रॅड लावला आणि १/८ दिलं. हिशेब बरोबर होता. फिल्टरमागचा बर्फ एक स्टॉप वर, दगड एक स्टॉप खाली. स्लाइड आली आणि लाइट टेबलवर काहीतरी सतत खटकत राहिलं. पाच मिनिटांनी कळलं. प्रतिबिंब डोंगरापेक्षा उजळ होतं. १/३० वाचणाऱ्या प्रतिबिंबावर फिल्टर नव्हता, म्हणून ते दोन स्टॉप वर गेलं आणि खरा डोंगर एकच स्टॉप वर राहिला. निसर्गात असं कधी होत नाही. पाण्यातली प्रतिमा मूळ वस्तूपेक्षा थोडी मंदच असते आणि आपल्या डोळ्याला हे न शिकवता ठाऊक असतं.

पुढच्या वर्षी त्याच दगडावर उभी राहून एक स्टॉपचा ग्रॅड लावला आणि १/१५ दिलं. बर्फ एक वर, प्रतिबिंबही एक वर, दगड दोन खाली. दगड गडद आले, पण त्यांच्यावरचं शेवाळ दिसतं. ती स्लाइड माझ्याकडे आहे.

तेव्हा नियम असा: शिखर आणि त्याचं प्रतिबिंब दोन्ही मोजा. त्यांच्यात जेवढ्या स्टॉपचा फरक असेल तेवढ्याच ताकदीचा ग्रॅड, त्याहून जास्त नाही. तरीही दगड बसत नसतील तर दगड चौकटीतून काढा. कॅमेरा वर करा किंवा ८५ ची लेन्स लावून फक्त शिखर आणि पाणी घ्या. मला वाटतं, नवख्या माणसाच्या बहुतेक स्लाइड पायाशी काहीतरी हवंच या हट्टापायी वाया जातात.

ग्रॅडची कड कुठे येते ते पाहायला लेन्सचं अ‍ॅपर्चर एफ-११ वर बंद करून व्ह्यूफाइंडरमधून बघा. उघड्या लेन्समधून ती रेषा दिसत नाही. तळ्याचा पलीकडचा काठ आणि फिल्टरची कड जुळली पाहिजे.

स्पॉट मीटर नसेल तर उन्हात तळहात धरून त्यावर मोजा. घरी ग्रे कार्डशी (मधल्या करड्या रंगाच्या पुठ्ठ्याशी) ताडून आपला तळहात किती स्टॉप उजळ आहे ते आधी ठरवून ठेवा. प्रत्येकाचा वेगळा असतो, माझा पाऊण स्टॉप. तळहातावर ऊन हवं, आणि ते समोरच्या डोंगरावरच्या उन्हाच्याच दिशेने पडलेलं हवं.

ब्रॅकेटिंग अर्ध्या स्टॉपने करा. एक हिशेबाप्रमाणे, एक अर्धा कमी, एक अर्धा जास्त. स्लाइडवर अर्धा स्टॉपही ठळक दिसतो, एकेका स्टॉपने केलं तर तीनपैकी दोन फ्रेम हमखास फुकट जातात.

उजेड कमी असताना

सूर्योदयाआधी एक्स्पोजर काही सेकंदांवर जातं. तिथे फिल्म आळसावते आणि मीटरचा आकडा पुरत नाही. वेल्विया ५० ला ४ सेकंदांना १/३ स्टॉप, ८ ला १/२, १६ ला २/३ आणि ३२ ला पूर्ण एक स्टॉप जास्त लागतो. शिवाय हिरवट छटा येते ती मारायला मजेंटा फिल्टर. त्यापुढे तिच्या वाटेला जाऊ नये. एक्टाक्रोम ई१०० दहा सेकंदांपर्यंत आणि प्रोव्हिया १००एफ १२८ सेकंदांपर्यंत दुरुस्तीशिवाय चालतात. पहाटेच्या निळ्या वेळेसाठी प्रोव्हिया घ्या म्हणते ते म्हणूनच.

पोलरायझर

चकाकी कापणारा आणि आकाश गडद करणारा हा फिल्टर नवख्या माणसाला हवाच असतो. चंद्रतालवर मी तो बॅगेतच ठेवते. ४,३०० मीटरवर आकाश आधीच गडद असतं, त्यात पोलरायझर पूर्ण फिरवला की स्लाइडवर ते शाईसारखं काळं येतं. २४ च्या लेन्सवर तर आकाशाच्या मधोमध गडद डाग पडतो, कारण सूर्यापासून ९० अंशांवरच त्याचा जोर असतो आणि रुंद लेन्समध्ये दोन्ही प्रकारचं आकाश येतं. वर तो प्रतिबिंब पुसून टाकतो, म्हणजे ज्यासाठी अंधारात उठलात तेच. उथळ पाण्याखालचे रंगीत गोटे दाखवायचे असतील तेव्हा मात्र काढा. पाण्याकडे साधारण ३७ अंशांच्या उताराने खाली पाहा आणि हळू फिरवत राहा. चकाकी विझते आणि तळ दिसू लागतो. दीड ते दोन स्टॉप उजेड कमी होतो, तो धरा.

फोकस

२८ ची लेन्स एफ-११ वर साधारण २.४ मीटरवर फोकस केली की १.२ मीटरपासून अनंतापर्यंत सगळं बरं दिसतं. बरं म्हणजे छोट्या प्रिंटपुरतं. मोठ्या पडद्यावर दाखवायचं असेल तर कुठून कुठपर्यंत स्पष्ट येईल ते दाखवणाऱ्या लेन्सवरच्या एफ-८ च्या खुणा वापरा आणि अ‍ॅपर्चर एफ-११ ठेवा. एफ-२२ ला जाऊ नका, सगळंच थोडं थोडं मऊ होतं.

वारा सुटल्यावर

ऊन दरीत उतरलं की वारा सुटतो. आधी पलीकडच्या काठाशी एक काळसर पट्टा दिसतो, तो सरकत तुमच्याकडे येतो आणि प्रतिबिंब मोडतं. आरशासारखी फ्रेम त्या दिवसापुरती संपली. पण सामान आवरू नका.

दुपारचं ऊन डोंगरांना सपाट करतं, तरी पाण्याचा रंग तेव्हाच खुलतो, कारण उजेड उभा आत शिरतो. लडाखचं पँगाँग याचं उत्तम उदाहरण. काठावरच्या स्पांगमिक गावाच्या बाजूने बघताना दुपारी सूर्य पाठीशी येतो आणि समोरचे डोंगर व पाणी दोन्ही सारखेच उजळतात. ग्रॅड नको, भलामोठा कॉन्ट्रास्ट नाही, आकाशाचा निळा, पाण्याचा निळा आणि मध्ये डोंगरांची तांबूस पट्टी. उन्हातल्या डोंगरावर मोजा आणि तेच एक्स्पोजर द्या. वेल्वियाची हीसुद्धा खरी जागा.

गारठा आणि रोल

थंडीत फिल्म ताठ होते. लिव्हर सावकाश ओढा, जोरात ओढलं तर भोकांच्या कडा फाटतात, आणि कोरड्या हवेत स्थिर विजेच्या ठिणग्या पडून स्लाइडवर विजेसारख्या रेघा उमटतात. रोल संपल्यावर गुंडाळतानाही तेच. कॅमेरा उबदार तंबूत नेण्याआधी बाहेरच प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून तोंड बांधा, आणि तासाभराने उघडा. नाहीतर लेन्सच्या आत दव धरतं.

प्रत्येक फ्रेमची नोंद ठेवा. फ्रेम क्रमांक, वेळ, बर्फाचं माप, दगडांचं माप, ग्रॅड, दिलेलं एक्स्पोजर. बोटं आखडतात, तरी पेन्सिलने लिहा. बॉलपेन गारठ्यात चालत नाही.

घरी आल्यावर

सगळे रोल एकदम धुवायला देऊ नका. माझे एकदा चारही रोल एकाच लॉटमध्ये गेले आणि चारही हिरवट होऊन आले. आता आधी एक पाठवते, तो नीट आला की बाकीचे. एखादा रोल चुकून दुप्पट आयएसओवर काढला असेल तर लॅबला एक स्टॉप पुश करायला (डेव्हलपरमध्ये जास्त वेळ ठेवायला) सांगा, कॉन्ट्रास्ट थोडा वाढतो पण रोल वाचतो. धुवायला वेळ लागणार असेल तर हवाबंद डबीत घालून फ्रिजमध्ये ठेवा.

स्लाइड आल्या की खिडकीकडे धरून निर्णय करू नका. ५,००० केल्विनचं लाइट टेबल (खालून उजळणारं) आणि चांगली लूप (भिंग) घ्या, शेजारी वही उघडा आणि फ्रेम क्रमांकानुसार बसा. बर्फात पोत कितव्या स्टॉपला गेला, दगड कितव्याला काळे झाले, हे तुमच्या कॅमेऱ्याचे आणि तुमच्या मीटरचे आकडे आहेत. पुढच्या वर्षी तळ्यावर हेच घेऊन जायचं.

स्कॅन करायचा तर लक्षात ठेवा, स्लाइडचा गडद भाग फार दाट असतो आणि साधा फ्लॅटबेड स्कॅनर तिथे नुसता चिखल देतो. लाइट टेबलवर ठेवून मॅक्रो लेन्सने डिजिटल कॅमेऱ्यातून फोटो काढला तर सावल्या बऱ्या उतरतात.

मुंबई-कोकणात राहणाऱ्यांनी बुरशीची धास्ती घ्यायलाच हवी. पॉलिप्रॉपिलीनच्या कप्प्यांत स्लाइड ठेवा, डब्यात सिलिका जेल घाला आणि जूनच्या पहिल्या आठवड्यात ती जेल नवी करा. पीव्हीसीचे स्वस्त कप्पे काही वर्षांत चिकट होतात आणि स्लाइडला धरतात. माउंटच्या (स्लाइडच्या चौकटीच्या) कडेला पेन्सिलने वर्ष, रोल आणि फ्रेम लिहा. माझ्या त्या १/१५ च्या स्लाइडवर एवढंच आहे: चंद्रताल, रोल २, फ्रेम १७, ग्रॅड १.